बारवेतला पाय

चैत्र शुद्ध १, शके १८५८

जगात अन्याय पुष्कळ झाले असतील. पण बसमतच्या बाजारातून आणलेल्या नव्या जोड्याने माझ्या उजव्या पायावर जो जुलूम चालवला आहे, त्याची दाद कुठे मागावी हे मला कळत नाही, आणि मी तर उभी हयात हैदराबादच्या अदालतीत कारकुनी करण्यात घालवली. चांभार शपथेवर म्हणाला होता, "राव, लोण्यावानी हाय." लोण्याला दात असतात हे मला प्रथमच समजलं. शिवाय जोडा वाजतो. पाडव्याच्या रामरामाला पाटलांकडे गेलो तर संतराम पाटील आतूनच ओरडले, "या किसनराव! तुमच्या आधी तुमच्या जोड्याचीच वर्दी आली."

नोकरी सोडून गावी आल्याला आता वर्ष झालं. या वर्षात मी काय केलं? पुण्याच्या एका साप्ताहिकात 'चिमटा' या नावाने लेख लिहिले. त्यात गावाच्या गटारांना, न्हाव्याला, पाटलांच्या मिशांना आणि माझ्या धाकट्या चुलत्याच्या श्राद्धाला चिमटे काढले. गाव हसलं, म्हणजे ज्याला चिमटा बसला तो सोडून बाकीचं. आज पुरणपोळी वाढता वाढता माझी विधवा बहीण नर्मदाअक्का म्हणाली, "नुसता हासतूस लोकाला. लोकाच्या उपयोगी पडल असं एखादं काम कर की."

मी म्हटलं, करतो. नव्या वर्षाचा संकल्प म्हणून इथे लिहून ठेवतो. गावाचं रोजचं जिणं ज्याने थोडं सुधारेल असं एक तरी काम मी यंदा करीन.

चैत्र शुद्ध ४

जोड्याने फोड आणला. घोट्याच्या वर, नडगीच्या आतल्या बाजूला, चांगला रुपयाएवढा. जोडा तिथवर पोचतसुद्धा नाही. यावरून त्या चांभाराच्या हाताची पोच ध्यानात यावी. आग अशी होते की कोणी निखारा बांधून ठेवला आहे. अक्का म्हणाली, "पाहू दे बरं." मी म्हटलं, जोड्याचा फोड आहे, त्यात पाहायचं काय? आणि वर पट्टी गुंडाळली.

सकाळी फिरत बारवेवर गेलो, पायऱ्या उतरून खाली बसलो आणि पाय पाण्यात सोडला. अहाहा! निखारा विझला. गारव्यासाठी लोक महाबळेश्वराला का जातात कोण जाणे. आता रोज सकाळ-संध्याकाळ यायचं ठरवलं आहे.

बारव आमच्या गावाच्या आणि लमाणांच्या तांड्याच्या मधोमध आहे. गावच्या बाया पूर्वेच्या पायऱ्यांनी उतरतात, तांड्याच्या पश्चिमेच्या. गुडघाभर पाण्यात शिरायचं, शेवाळ हाताने सारायचं, घागर बुडवायची. पायऱ्या वेगळ्या आणि पाणी एकच, अशी ही आमच्या वाडवडिलांची युक्ती.

चैत्र शुद्ध ७

काम सापडलं! पाय पाण्यात सोडून बसलो असतानाच सुचलं. गारव्याने बुद्धी चालते.

काम म्हणजे नारू. हा सुतासारखा लांबच लांब किडा. माणसाच्या पायातून बाहेर निघतो आणि महिनामहिना त्याला अंथरुणाला खिळवतो. आमच्या गावात दर उन्हाळ्याला दोघाचौघांना होतोच, आणि लोक तो पावसासारखा निमूट सोसतात. हैदराबादच्या एका वर्तमानपत्रात मी मागे वाचलं होतं की नारू दैवाने येत नाही, पाण्यातून येतो. नारूचा रोगी पाण्यात उतरला की पाणी नासतं. म्हणून पायऱ्यांच्या विहिरी बंद कराव्यात, आणि तोवर पाणी दुहेरी फडक्याने गाळून प्यावं. पुढे रोगाची लक्षणं दिली होती, ती मी वाचली नाहीत. लक्षणं वाचायची ती ज्यांना रोग व्हायचा त्यांनी.

आता आमच्या बारवेत हा रोगी उतरतो कोण, एवढंच शोधायचं राहिलं.

चैत्र शुद्ध ९

रामनवमी. आज माझा भर बारवेत अपमान झाला.

पाय सोडून बसलो होतो. पट्टी सोडलेली. पलीकडच्या पायऱ्यांवर तांड्याची पारुबाई घागर घेऊन उतरली. ही धर्मसिंग नाइकाची बायको. हातभर हस्तिदंती चुडे, आणि जीभ त्यांच्याहून लांब. मला पाहून थांबली.

"ए बापू, पाय काढ."

मी इकडेतिकडे पाहिलं. बापू मीच होतो.

"लेकरं पितेत ते पानी. तुझ्या घरी बादली न्हाई का? भर, अन् बस तितं पाय बुडवून."

पूर्वेच्या पायऱ्यांवर मंजुळाबाई होती, आमच्या शेजारच्या सोनाजीची बायको. ती तोंडाला पदर लावून हसली. मी म्हटलं, "बाई, तुम्ही स्वतः गुडघाभर पाण्यात शिरता, त्याचं काय?"

"आमी भरायला शिरतो. तू तर सासरी आल्यावानी बसलास."

मंजुळाबाईच्या पदराआडून आवाज फुटला. मी पाय काढला, पण त्यांनी सांगितलं म्हणून नव्हे. माझं तसंही झालं होतं.

उत्तर मला घरी आल्यावर सुचलं. फार उत्तम होतं. पण आता ते कोणाला देणार?

चैत्र शुद्ध ११

रोगी कोण हा प्रश्न सुटला. मी 'बारवेतली लक्ष्मी' नावाचा लेख लिहून पुण्याला रवाना केला. नारू हा घाणीचा जावई आहे आणि घाणेरड्याच्याच घरी मुक्कामाला येतो, असं त्यात एक वाक्य आहे. तांड्याच्या बाया घाघऱ्यासकट पाण्यात कशा उतरतात याचं वर्णन तर झकास साधलं आहे. अक्काला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "घागरे तर आपल्या लुगड्यापरीस साफ असतेत त्यांचे." अक्काला विनोद कळत नाही.

संध्याकाळी पारुबाई येऊन गेल्यावर बारवेवर गेलो.

चैत्र वद्य २

आज चावडीवर पंच बसले. मी नारूवर बोललो. गावाचं आरोग्य गावाच्या हातात असावं, परक्या पायांनी ते तुडवू नये, असा एकूण आशय. तांड्याने बारवेवर येऊ नये ही माझी सूचना.

पाटील घुटमळले. "पिढीजात भरून राहिलेत ते, किसनराव. एकाएकी न्हाई कसं म्हणावं?"

सोनाजी समोरच बसला होता. तो माझ्या पायाच्या पट्टीकडे टक लावून पाहत होता. मी विचारलं, "काय सोनाजी, तुमचं मत?" त्याने मान खाली घातली. "तुमी शिकलेले. तुमी म्हणताव तर तसंच असल." मग बाकीचेही म्हणाले, तसंच असल. माझ्या बोलण्याचा इतका परिणाम होईल असं मला वाटलं नव्हतं. कोणाला शंका म्हणून विचारावीशी वाटली नाही.

धर्मसिंग नाइकाला बोलावणं गेलं. म्हातारा पागोटं सावरत खालीच बसला.

"राव, औंदा आमच्या तांड्यात एकाला बी नारू न्हाई. या, एकेकाचे पाय पाहा."

"निघेल तेव्हा पाहायचं का?" मी म्हटलं.

"दुसरं पानी न्हाई आमाला. नदीत झिरा खांदावा लागल, अन् त्यो जेठात आटतो. आमी आता लादणीची बैलं इकली, पाटलाची जमीन बटाईनं घेऊन हळद लावून राहिलो. पानी न्हाई तर तांडा उठवावा लागतो. उठून जावं कुठं?"

मी म्हटलं, "नदी काही पळून जात नाही, नाईक."

लोक हसले. माझ्या मतेही वाक्य बरं जमलं. ठराव झाला. संकल्प इतक्या लवकर सिद्धीला गेल्याचं माझ्या आयुष्यातलं हे पहिलंच उदाहरण.

चैत्र वद्य ६

फोड फुटून बरेच दिवस झाले, जखम भरत नाही. आज पट्टी सोडली तर फडक्याचा एक पांढरा दोरा जखमेत अडकलेला. अक्काची फडकी अशीच विरलेली. दोरा ओढला. थोडा आला, मग तुटला. आणि देवा, काय ती कळ! डोळ्यांपुढे काजवे चमकले. आता पाय मांडीपर्यंत सुजला आहे. लिहवत नाही.

चैत्र वद्य १०

ताप उतरला. अक्काने धोत्र्याची पानं तेल लावून, गरम करून बांधली होती. आज ती सोडताना म्हणाली, "दोरा वडलास?"

"फडक्याचा होता."

 जखमेतून पुन्हा एक पांढरं टोक डोकावत होतं. अक्काने तुरीची एक काडी घेतली, ते टोक हलकेच तिच्याभोवती गुंडाळलं आणि काडी माझ्या पायाला बांधून टाकली. गावातल्या नारूवाल्यांचे पाय मी असेच बांधलेले पाहिले आहेत. लहानपणापासून.

"कधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"फोड आला तवापासून. जोडा कुठं, फोड कुठं."

"मग बोलली का नाहीस?"

"पाहू दे म्हणलं, तर पाहू देलास का?"

मी भिंतीकडे तोंड करून पडलो. ही वही आत्ता उघडली आणि पाडव्यापासूनची पानं वाचली. वाचवत नव्हतं, तरी वाचली. 'पाय सोडला. अहाहा.' 'गारव्याने बुद्धी चालते.' रोज सकाळ-संध्याकाळ. रोगी कोण ते शोधायचं म्हणत होतो आणि तो पायरीवर बसून शोधत होता.

अक्काला म्हटलं, कोणाला सांगू नकोस. ती म्हणाली, "मी कशाला सांगू?" त्या 'मी'वर तिने जरा जोर दिला.

वैशाख शुद्ध ५

खिडकीतून नदीची वाट दिसते. तांड्याच्या बाया रोज जातात. नदीच्या वाळूत खड्डा करायचा, त्यात पाणी पाझरेपर्यंत वाट पाहायची, वाटीवाटीने घागर भरायची. परतताना ऊन डोक्यावर येतं. आज पारुबाई होती, बरोबर तिची सून शकुंतला, पोटुशी. पोरीने वाटेत घागर उतरवली, बाभळीखाली बसली. पारुबाईने आपली घागर तांड्यावर टाकली, परत आली आणि सुनेची उचलली.

मी खिडकी लावून घेतली. उन्हासाठी.

वैशाख शुद्ध १०

'बारवेतली लक्ष्मी' छापून आला. पाटलांनी चावडीवर वाचायला लावला. घाणीच्या जावयाच्या वाक्याला सगळे हसले. म्हणजे बहुतेक हसले. सोनाजी हसला नाही. त्याला खोकला झाला.

परत आलो ते काठी टेकत. काल ठरवलं होतं की पाटलांना एकीकडे घेऊन सांगायचं. तोंडही उघडलं होतं. पाटील म्हणाले, "बोला की." मी म्हटलं, "यंदा ऊन फार आहे."

वैशाख वद्य ३

आज एक गोष्ट केली, ती लिहून ठेवतो, कारण चांगली म्हणावी की नाही ते मला ठरवता येईना. अक्काला म्हटलं, घरात पाणी दुहेरी फडक्याने गाळल्याशिवाय कोणी प्यायचं नाही. ती म्हणाली, "मंजुळाला बी सांगू का? शेजाराला?"

मी म्हटलं, राहू दे. उगाच विचारतील, काहून म्हणून.

बारवेत मी काय सोडलं ते मला ठाऊक. त्याच्यापासून माझं घर राखलं. गाव नाही.

आषाढ शुद्ध २

नारू सगळा निघाला. काडी अक्काने चुलीत टाकली. पायाला ठणका राहिला आहे, थोडा लंगडतो. लोक विचारतात. मी म्हणतो, जोडा. अजून चांभारालाच बदनाम करतो आहे. परवा बसमतला गेलो तेव्हा त्याच्या दुकानावरून न जाता पलीकडच्या बोळातून गेलो.

पाऊस झाला. नदी भरली, म्हणून तांड्याचं भागलं. मला इतकं हलकं वाटलं की ते ढग मीच आणले होते असं कोणाला वाटावं.

शकुंतलेला मुलगी झाली. धर्मसिंगाने गावात गूळ वाटला, आमच्याही घरी. मी खाल्ला नाही. अक्का म्हणाली, "नको तर दे," आणि तिनेच खाल्ला.

माघ वद्य ७

हळद शिजवण्याचे दिवस. सगळ्या शिवारात कढया लागल्या आहेत, धुराला मातीचा वास. तांड्याची हळद यंदा चांगली आली म्हणतात. पाटलांच्याच जमिनीत तांड्याने काढलेलं पीक पाहून लोक तोंडात बोट घालतात. वहीत कित्येक महिन्यांनी लिहितो आहे. लेखही बंद आहेत. साप्ताहिकाच्या संपादकांनी विचारलं, 'चिमटा' कुठे आहे? चिमटा चुलीत आहे, तापतो आहे.

चैत्र शुद्ध ३, शके १८५९

सोनाजीला नारू निघाला.

चैत्र शुद्ध १०

मंजुळाबाईला. पाटलांच्या भावाला. वरच्या आळीत एकही घर सुटलं नाही. कोणाच्या पायात, कोणाच्या हातात, एकाच्या तर खांद्यात. पत्रात लिहिलं होतं ते खरं निघालं. पोटात गेल्यावर तो वर्षभर वाढतो. मी मोजत होतो. गेल्या वैशाखापासून मी दुसरं काही केलेलं नाही.

सोनाजीचे बैल बांधलेले आहेत. नांगरट थांबली. मंजुळाबाई उंबऱ्यात पाय पसरून बसलेली असते, पायाला काडी बांधलेली. मला पाहून पदर सावरते. "बसा, भाऊजी." मी बसत नाही, पुढे जातो.

आमच्या घरात कोणालाच नाही. लोक म्हणतात, किसनरावाच्या घरी देवाची कृपा हाय.

चैत्र वद्य ४

तांड्यात एकालाही नारू नाही. ही बातमी गावात पसरली आणि त्यातून गावाने जो अर्थ काढला तो मला सुचला नसता, आणि मी तर गावाला चिमटे काढत आलो आहे. म्हणे लमाणांनी सूड म्हणून बारवेवर काही केलं. कोणी म्हणतो उतारा टाकला, कोणी म्हणतो आपला नारू आणून सोडला. चावडीवर एक जण म्हणाला, "नुसती बारव न्हाई, शिवारच बंद करा त्यांला." पाटील म्हणाले, अष्टमीला पंच बसवू. तांडा उठवायचा की ठेवायचा ते ठरवू.

मी तिथे होतो. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून घरी आलो.

चैत्र वद्य ६

तांड्यावर गेलो. काय सांगायचं ते वाटेत तीनदा ठरवलं. तिन्ही वेळा चांगलं जमलं होतं.

धर्मसिंग नव्हता, नदीवर झिरा खोल करायला गेला होता. पारुबाई झोपडीपुढे बसून नातीला न्हाऊ घालत होती. तान्हं पोर, परातीत. पाणी किती? तांब्याभर. पोराच्या अंगावरून ओघळलेलं ती परातीतून पुन्हा वर घेत होती.

"या बापू," ती म्हणाली. "आता कशाला? परवा काढताव ना आमाला?"

"तसं नाही. मी सांगायला आलो..."

पुढचं वाक्य आलंच नाही. ऊन फार, पाय ठणकत होता. मी झोपडीच्या मेढीला धरून उभा राहिलो. तिने पाहिलं. आत गेली, तांब्या आणला, त्याच्या तोंडावर ओढणीचं टोक धरून मातीच्या घागरीतलं पाणी त्यात गाळलं आणि माझ्यापुढे केला.

"पी आधी."

ते पाणी कुठून, कसं, कोणाच्या डोक्यावरून आलं ते मी वर्षभर खिडकीतून पाहिलं होतं. नको म्हणावं असं फार वाटलं. प्यालो. तांब्या रिकामा केला.

"बोल आता."

"नारू मला झाला होता. गेल्या साली. मी पाय सोडून बसत होतो तेव्हाच होता."

ती पोराला कोरडं करत राहिली. "म्हाईत हाय."

"माहीत आहे?"

"तवा न्हवतं. तवा तर मला नुसती किळस आली. मागून कळलं. मंजुळा सांगून राहिली झिऱ्यावर, धुणं धुताना. साऱ्या गावाला म्हाईत हाय." मग पोर खांद्यावर टाकून माझ्याकडे वळली. "मला काय सांगतूस इथं येऊन? मी का पंच हाय?"

चैत्र वद्य ८

पंच बसले. लंगडत लंगडत सोनाजीही आला, पायाला काडी बांधलेली. धर्मसिंग मागे, चावडीच्या पायरीखाली.

मी उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदाच भाषण तयार केलं नव्हतं. धोतर वर केलं, व्रण दाखवला. म्हटलं, "गेल्या साली हा नारू होता. तो घेऊन मी रोज बारवेत बसत होतो. तुमच्या सगळ्यांच्या पायातला आजचा नारू माझा आहे. तांड्याचा यात काही संबंध नाही."

वाटलं होतं, कोणी धावून येईल, निदान शिवी तरी देईल.  पण पाटील म्हणाले, "बसा, किसनराव. आमाला ठावं हाय ते."

"ठावं हाय?" माझ्या तोंडून हैदराबादचं शिष्ट बोलणं गळून पडलं. "मग बोलला काहून न्हाई कोणी?"

पाटलांनी सोनाजीकडे पाहिलं. सोनाजी काडीकडे पाहत म्हणाला, "तवाच दिसला मला, पट्टी सैल झालती तवा. पण तुमी म्हणून राहिले होते, नारू परक्या पायानं येतो. मागून घाणीचा जावई बी छापून आला. आता तुमाला घाणेरडं कोन म्हणल? अन् तुमी आमालाच छापलं असतं."

कोणीतरी हसलं. चटकन थांबलं.

"आणि तांडा?" मी विचारलं. "तुम्हाला माहीत होतं, तरी तांड्याला कसं बंद केलं?"

 पाटील जमिनीवर बोटाने रेघा मारत बसले. एक म्हातारा म्हणाला, "तुमीच म्हणले, राव." दुसरा म्हणाला, "ते गेल्यावर पानी बी जरा जादा मिळू लागलं." म्हातारा त्याच्याकडे डोळे वटारून पाहू लागला.

मागून धर्मसिंग उठला. पागोटं काढून पुन्हा बांधलं. त्याला राग आला असेल असं वाटून मी वाट पाहिली. तो एवढंच म्हणाला, "मंग आमी जावं का ऱ्हावं, ते सांगा. झिरा आटला काल."

ऱ्हावं, असं ठरलं. हात वर करणाऱ्यांत सगळ्यात आधी सोनाजी होता.

वैशाख शुद्ध ६

बारवेच्या पायऱ्या बुजवायचं काम चालू आहे. आता कोणी पाण्यात उतरायचं नाही, वरून चाकाने ओढायचं. दगड मीही उचलतो. लोक माझ्याशी पूर्वीपेक्षा बरं बोलतात. याचा त्रास फार होतो. शिव्या सोसल्या असत्या.

गावाचं म्हणणं, तांड्याला चाक वेगळं, पश्चिमेला. मी म्हटलं, एकच ठेवू. पाटील म्हणाले, "किसनराव, एका सालात किती सुधारताव आमाला?" मी जास्त भांडलो नाही. भांडायला माझ्याजवळ जे तोंड होतं ते मी गेल्या साली वापरून टाकलं. दोन चाकं बसतील. पायऱ्या वेगळ्या होत्या, आता चाकं वेगळी.

घरोघर पाणी गाळायचं अक्का सांगत फिरते. मंजुळाबाईने तिला विचारलं म्हणे, "अक्का, तुमी कवापासून गाळताव?" अक्काने खरं सांगितलं. तिच्याकडून दुसरी अपेक्षा नव्हती. त्यानंतर मंजुळाबाई मला 'बसा' म्हणत नाही. हे बरं झालं.

वैशाख वद्य २

पूर्वेचं चाक लागलं. पश्चिमेचं अजून लागलं नाही, सुताराला वेळ नाही. गावच्या चाकाला वेळ होता.

सकाळी लवकर गेलो. पारुबाई पश्चिमेच्या नव्या कठड्यापाशी घागर ठेवून उभी होती. चाक नाही, पायऱ्या बुजलेल्या. मी आमच्या चाकाला दोर लावला, बादली सोडली, भरली, ओढली. थोडं सांडलं. बादली उचलून बारवेला वळसा घालून तिच्याकडे नेली. पलीकडे गावच्या दोन बाया पाहत होत्या. पाहू देत.

तांड्यावर प्यालेल्या तांब्याविषयी मी अक्काशीही बोललो नव्हतो; हे मात्र गावादेखत.

मी बादली घागरीवर वाकवली तशी पारुबाई म्हणाली, "थांब." ओढणीचं टोक सोडलं, दुहेरी केलं, घागरीच्या तोंडावर पसरून दोन्ही हातांनी ताणून धरलं.

"तुमच्या बारवेचं हाय ना," ती म्हणाली. "ओत आता."

मी ओतलं. सावकाश, धार न तोडता. मग आणखी एक बादली आणली. घागर भरल्यावर तिने ओढणी उचलली, दूर वाळल्या मातीवर नेऊन पिळली आणि झटकली. घागर डोक्यावर घेतली आणि तांड्याच्या वाटेला लागली.